टायरमधली हवा

पदयात्रा सहाच्या ठोक्याला सुटणार होती आणि सहाला दोन मिनिटं कमी असताना भाई पाटकर ओरोसच्या सरकारी क्वार्टर्सच्या फाटकापाशी एका चष्म्याची वाट बघत उभे होते.

चष्मा त्यांचा नव्हता. तो होता सुकळवाडच्या सावित्रीकाकीचा. काकीची मुलगी किशोरी ओरोसला कचेरीत नोकरीला. तिने चष्म्याची मोडलेली काडी बसवून आणली होती आणि आदल्या दिवशी फोन करून विचारलं होतं, "भाईनू, तुमी सुकळवाडवरसूनच चलत जातालास मां? मगे आयेचो तेवडो चष्मो पोचवा. हलको आसा." भाईंनी "बरा" म्हटलं. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरी केलेल्या माणसाच्या तोंडी 'नाही' हा शब्द बसत नाही. त्या एकतीस वर्षांत भाईंनी तिकिटं फाडता फाडता लोकांची औषधं पोचवली, लग्नाच्या पत्रिका पोचवल्या, एकदा तर कट्ट्याच्या एका म्हातारीची कवळी पोचवली होती. त्यापुढे चष्मा म्हणजे किस झाड की पत्ती.

"सगळी थंय उबी आसत आणि आमी हय," शेजारी उभा असलेला बाबुश फर्नांडिस कुरकुरला. "सकाळच्या पारी ह्यो चष्मो खंयसून काडलंस तू?"

बाबुश हा भाईंच्या गाडीचा ड्रायव्हर. बावीस वर्षं दोघांनी एकच गाडी हाकली, बाबुशने पुढे बसून आणि भाईंनी मागे उभं राहून. त्यामुळे निवृत्तीनंतर भाईंना बसवत नसे आणि बाबुशला चालवत नसे. चर्च ते मासळी बाजार यापलीकडे बाबुशने पायी प्रवास केल्याचं मालवणात कुणाच्या पाहण्यात नव्हतं. तो माणूस आज ओरोस ते मालवण चालायला आला होता, तो अँजेलिनासाठी.

अँजेलिना त्याची बायको. गेली दोन वर्षं तिला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला मालवणहून ओरोसला यावं लागे, एसटीने. जाताना ती गप्पा मारत जाई. येताना मात्र खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून घेई. एकदा कसालला गाडी बदलताना ती स्टॉपच्या बाकावर बसली ती तासभर उठलीच नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या बायका-पोरांना घरी पोचवलेल्या बाबुशला स्वतःच्या बायकोला घरी न्यायला गाडी नव्हती, आणि असती तरी डोळ्यांमुळे त्याचं लायसन केव्हाच गेलं होतं. हे तो कुणाला बोलून दाखवत नसे. भाईंना ते न बोलताच कळे. त्याला बरं नसलं की ते स्वतः अँजेलिनाबरोबर जाऊन येत.

अशा रुग्णांना घरून नेणारी-आणणारी एक गाडी हवी, म्हणून मालवणात एक मंडळ निघालं. मस्कतला स्थायिक झालेल्या मूळच्या मालवणच्या मेल्विनाबाईंनी कळवलं, गाडी मी देते, पण माझी एक अट आहे. रुग्ण जो रस्ता आठवड्यातून तीनदा जातात तो पन्नास माणसांनी एकदा तरी पायी चालून दाखवावा, बारा तासांच्या आत. एक माणूस कमी पडला तरी गाडी नाही. नावं आली त्रेपन्न. बावन्न नंबरचा कागद छातीवर लावून भाई उभे होते आणि त्रेपन्न नंबरचा बाबुश.

किशोरी एकदाची धावत आली, ओले केस तसेच, हातात चष्म्याची डबी. डबी देऊन झाल्यावर तिने दोघांचा मोबाइलवर एक फोटो काढला. मग दोघेही यात्रा जिथून सुटणार होती त्या मैदानाकडे पळत सुटले. भाईंची खात्री होती की यात्रा सुटून गेली असणार. पण माणसं तशीच उभी होती. मंडळाच्या अध्यक्षा शर्मिष्ठाबाई खाली वाकून झेंड्याची गाठ सोडत होत्या आणि पुन्हा बांधत होत्या.

शर्मिष्ठाबाई कट्ट्याच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मालवणला राहायच्या आणि संध्याकाळी साडेपाचला कट्ट्याहून भाई-बाबुशच्या गाडीने घरी यायच्या. बाई शिस्तीच्या आणि तक्रार वहीचा भारी नाद असलेल्या. 'गाडी सात मिनिटे उशिरा सुटली' हे वाक्य त्यांनी त्या वहीत इतक्या वेळा लिहिलं होतं की पुढे पुढे डेपोतला कारकून ते न वाचताच भाईंना विचारणापत्र काढायचा. भाईही न वाचता उत्तर द्यायचे, 'टायरमधील हवा तपासली.' ते उत्तर डेपोचा शिक्का मारून बाईंना रीतसर टपालाने जायचं. वीस वर्षं हा पत्रव्यवहार चालला होता.

"आलात?" बाईंनी मान वर केली. गाठ त्याच क्षणी नीट बसली. त्यांनी घड्याळ पाहिलं, झेंडा हलवला आणि वहीत काहीतरी लिहिलं. भाईंनी मनात त्या गाठीचे आभार मानले.

एकावन्न माणसं निघाली. भाई निघाले. बाबुश जागचा हलला नाही.

"काय झाला?"

"डबल बेल खंय?"

भाईंच्या खिशात तिकिटांना भोक पाडायचा जुना चिमटा असे. निवृत्तीच्या दिवशी तो परत करायचा राहून गेला होता, असं ते सांगत. त्यांनी चिमटा काढून दोनदा वाजवला, टक टक. बाबुश चालू लागला.

पहिला तास छान गेला. पण कसालला स्टॉप आला आणि बाबुशचे पाय थांबले.

"आता काय?"

"माका काय इचारतंस? स्टॉप इलो काय ते आपसूक थांबतत. बावीस वर्सांची सवय ती."

आणि स्टॉपवर माणूस उभा होता. हातात पिशवी. "इलास? गाडी वेळेवर आसा," तो म्हणाला आणि पिशवी पुढे केली. "कट्ट्याक स्वप्नाकडे द्या. कुकराचा रबर आणि शिटी. तिचो कुकर चार दिस बंद आसा."

भाईंना कळेना, या माणसाला आपण येणार हे कळलं कसं. त्याने मोबाइल दाखवला. किशोरीने दोघांचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, 'आपली साडेपाचची गाडी आज पायी येता आसा. भाई आणि बाबुश दोगव आसत. कोणाक काय पोचवचा आसल्यास स्टॉपार रवा.' तिने ते गंमत म्हणून लिहिलं असावं. पण आपल्याकडे गंमत कळायला वेळ लागतो आणि पिशवी भरायला लागत नाही.

कसालच्या पुढच्या स्टॉपवर चौक्याच्या एका घरी द्यायचे चार नारळ आले. त्याच्या पुढच्यावर सतरा लग्नपत्रिका, चौक्याच्या मंडळींना वाटायला. बाबुश प्रत्येक स्टॉपवर थांबत होता, प्रत्येक स्टॉपवर कुणीतरी होतं आणि प्रत्येकजण आधी पाच मिनिटं तब्येत विचारत होता.

"नाय म्हणून सांग मरे एकाक तरी," बाबुश म्हणाला.

"तू थांबा नको, मगे मी सांगतंय."

"तू डबल बेल देवक उशीर करतस."

असं भांडत दोघं सुकळवाडला पोचले. सावित्रीकाकीचं घर रस्त्यापासून आत, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या पलीकडे. चष्मा फेकून तर देता येत नाही. काकीने तो तिथल्या तिथे डोळ्यांवर चढवला आणि बाबुशकडे निरखून पाहिलं.

"अगो बाय माझे. ह्यो बाबुश? इतको म्हातारो कदी झालंस रे?"

"चष्मो काडा काकी," बाबुश म्हणाला. "सकाळपर्यंत मी तरुण होतंय."

घावणे तव्यावर होतेच. नको म्हटलं तर काकी रडली असती, कारण तिच्या नवऱ्याला छातीत दुखू लागलं त्या दिवशी बाबुशने गाडी मध्ये कुठेही न थांबवता थेट दवाखान्याच्या दारात नेली होती. नवरा त्यानंतर अकरा वर्षं जगला. त्या अकरा वर्षांचे घावणे काकी आज एका बैठकीत घालायला निघाली होती. सहा सहा घावणे खाऊन दोघं उठले तेव्हा दहा वाजले होते आणि काकीच्या चौक्याच्या भावासाठी एक लाल भोपळा बाबुशच्या खांद्यावर आला होता.

रस्त्यावर स्कूटरवरून गौरजा आली. ही मंडळाची कार्यकर्ती, पेशाने नर्स. चालणाऱ्यांवर लक्ष ठेवायचं काम तिच्याकडे. भाईंनी तिच्याकडे आशेने बघितलं, पण स्कूटरवर पुढे पाण्याचा जार होता आणि मागे पायात गोळा आलेला एकावन्न नंबर बसला होता.

"काका, तुम्ही सगळ्यात मागे आहात. बाकीचे कट्टा सोडून गेले. आणि हा भोपळा कशाला?"

"प्रवासी आसा," बाबुश म्हणाला.

कट्ट्याला स्टॉप आला आणि बाबुश थांबला. या वेळी भाईंनी त्याला रागे भरलं नाही. तेही थांबले. समोर शाळेचं फाटक होतं.

"आठवता?" बाबुश म्हणाला. "साडेपाचाक हय गाडी लागली काय मी खाली उतरून टायरांक लाथो मारी. चारय टायर झाले काय परत पयलो. तवसर बाई छत्री घेवन फाटकातसून भायर पडत."

"शाळेक कुलूप स्वता लावल्याशिवाय तेंका चैन पडा नाय. सात मिनिटां लागत."

"आणि गाडीत चढल्यार पयला काय म्हणत? 'आजही उशीर.'"

दोघंही हसले. पंधरा-वीस प्रवासी सात मिनिटं बसून राहायचे, पण कुणी कधी बाईंना खरं सांगितलं नाही. त्यानंतरची गाडी साडेसातला होती आणि बाईंची आई घरी अंथरुणावर होती, हे सगळ्या गाडीला ठाऊक होतं. एकट्या बाईंना हे माहीत नव्हतं की गाडीला ते माहीत आहे.

स्वप्नाने रबर हातात पडताच कुकर चढवला आणि वरण-भात झाल्याशिवाय दोघांना सोडलं नाही. चार दिवसांनी वाजलेल्या पहिल्या शिटीला ती इतकी खूश झाली की भाईंना पुढचं बोलणं नाकारता येईना.

"भाईनू, कुंभारमाठाक माझ्या भावाकडे, सर्वेशकडे, आज राखण आसा. कोंबो मी सांभाळलेलो. सर्वेश न्हेवक येवचो होतो, पण तेची गाडी पंक्चर. सांजेच्या आदी थंय पोचाक व्हयो."

घराण्याची वर्षाची राखण, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, द्यायचा कोंबडा. त्याला उशीर झाला तर साधी गोष्ट नव्हती. भाईंनी बाबुशकडे पाहिलं. बाबुशने आकाशाकडे पाहिलं आणि छातीवर क्रूस केला. पाय बांधलेला कोंबडा त्याच्या काखेत गेला. भोपळा भाईंच्या डोक्यावर आला.

दुपारचं ऊन, दोन्ही बाजूंना कातळ आणि काजूची कलमं. कोंबडा दर शंभर पावलांनी बाबुशच्या कोपराला चोच मारत होता. त्यातून बाबुशच्या मुलाने म्हापशाहून खास या यात्रेसाठी नवे बूट पाठवले होते आणि नवे बूट हे पस्तीस किलोमीटरसाठी नसतात हे मुलाला माहीत नव्हतं आणि बापालाही नव्हतं. चौक्याच्या अलीकडे तीनच्या सुमाराला बाबुश एका स्टॉपच्या बाकावर बसला. त्याने बूट काढला. टाचेला लिंबाएवढा फोड आला होता.

"भाई," तो म्हणाला, "गाडी फेल."

तेवढ्यात गौरजा आली. तिने स्कूटर बंदही केली नाही. "काका, तीन जण गळले. पुढे अठ्ठेचाळीस आहेत. तुम्हाला दोघांना धरून बरोबर पन्नास."

बाबुशने बूट बाजूला सरकवला. 

"तू जा फुडे," बाबुश म्हणाला.

"मी गेलंय तरी एकोणपन्नास."

"मगे काय करू? माका उठाक येना नाय." आणि मग बाबुशचा आवाज चढला. "सकाळी त्या चष्म्याक नाय म्हणाक तुझी जीब झडली होती? त्या पत्रिकांक? ह्या भोपळ्याक? सगळ्यांका बरा म्हणालंस. आता अँजेलिनाक काय सांगू? सतरा पत्रिका पोचल्यो, पण गाडी येवची नाय?"

भाईंनी डोक्यावरचा भोपळा बाकावर ठेवला. बाबुशचं अक्षर न् अक्षर खरं होतं. कसालच्या बाकावर डोळे मिटून बसलेली अँजेलिना त्यांना दिसू लागली. त्या दिवशी तिच्यासोबत तेच होते. उठल्यावर ती म्हणाली होती, "भाई, माझ्यामुळे तुमका उशीर झालो." एवढं आठवल्यावर त्यांना त्या भोपळ्याकडे बघवेना.

गाडी फेल झाली तर कंडक्टरने काय करायचं हे मात्र भाईंना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. प्रवाशांची सोय करायची. किशोरीने सकाळीच त्यांना त्या ग्रुपवर घेतलं होतं. त्यांनी मोबाइल काढून एका बोटाने लिहिलं, 'गाडी चौक्याच्या अलीकडे फेल झाली. आपापलो सामान येवन घेवन जावा. उशिराबद्दल माफी.'

लोक पाच मिनिटांत यायला लागले. सावित्रीकाकीचा भाऊ भोपळ्यासाठी आला, पण येताना आपल्या पायातल्या रुंद रबरी चपला काढून हातात घेऊन आला. "बूट फेकून दे. ह्यो घाल," तो म्हणाला आणि स्वतः अनवाणी उभा राहिला. नारळवाल्याच्या बायकोने कोकमाचं तेल आणि धुतलेल्या लुगड्याची चिंधी आणली. गौरजाने फोड साफ करून तेल लावून टाच बांधली. पत्रिका न्यायला एकजण आला असता तरी पुरलं असतं, पण ज्यांच्या नावच्या पत्रिका होत्या ते सगळेच आले. सर्वेश कोंबड्यासाठी कुंभारमाठाहून कुणाची तरी सायकल मागून आला.

सामान सगळ्यांनी घेतलं. पण परत कुणी फिरेना.

"जावा आता. मिळाला मां सगळा?" भाई म्हणाले.

"गाडी मधीच सोडून जावचा कसा?" भोपळेवाला म्हणाला. "पावसात व्हाळार पाणी चडला तेव्हा तुमी आमका सोडून गेलास काय? रातभर गाडीत आमच्यावांगडा बसलास. उठ रे बाबुश. मारा भाई डबल बेल."

भाईंनी चिमटा वाजवला. बाबुश उठला. पहिलं पाऊल टाकताना त्याने ओठ चावला, दुसरं टाकताना सर्वेशच्या खांद्यावर हात ठेवला. गौरजाने लगेच सांगितलं, खांद्यावर हात चालेल, उचलून नाही. मग एक वरात निघाली. पुढे भोपळा, मागे नारळ, मध्ये लंगडणारा बाबुश आणि सायकलच्या हँडलला उलटा लोंबणारा कोंबडा. वाटेतल्या प्रत्येक स्टॉपवर माणसं उभी होती, पण आता कुणाच्या हातात पिशवी नव्हती. पाणी होतं, लिमलेटच्या गोळ्या होत्या. बाबुशला थांबायची सवय होती म्हणून माणसं स्टॉपच्या वीस पावलं पुढे जाऊन उभी राहिली होती. तिथे पाणी-गोळ्या घेऊन तो चालत राही.

कुंभारमाठाला सर्वेश आपल्या जागेपाशी रस्त्याकडेला उभा राहिला. "राखण सांजेक देतंलव. पण गाऱ्हाणा आताच घालतंय, बाबुश हय आसा तवसर."

"बेगीन घाल," भाई घड्याळ बघत म्हणाले.

"बा देवा राखणदारा महाराजा," सर्वेशने हात जोडले, "वर्साची राखण तुका देतंव, ती गोड मानून घे. आणि ह्यो बाबुश तुझ्या हद्दीतसून मालवणाक चलत जाता आसा. तेच्या पायाची काय इडापिडा आसात ती दूर कर, आणि तेका वेळेत पोचव रे महाराजा."

"होय महाराजा," सगळे म्हणाले. बाबुश सवयीने "आमेन" म्हणाला आणि मग सगळ्यांबरोबर "होय महाराजा"ही म्हणाला. कोंबड्याने मात्र होय म्हटलं नाही.

मालवणची घरं दिसू लागली तेव्हा भाईंचेच पाय गेले. दुपारभर डोक्यावर भोपळा, मनावर त्याहून जड ओझं. ते मटकन रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसले. मागून बाबुश आला, त्याने भाईंच्या खिशातला चिमटा काढला आणि त्यांच्या कानाशी दोनदा वाजवला. "चल. मघाशी बोललंय ता इसर. ह्या चष्म्यानच ही माणसां जोडून दिल्यान."

मालवणच्या भरड नाक्यावर एका दुकानात भिंतीवरचं घड्याळ दिसलं. सहाला एक मिनिट होतं आणि एसटी स्टँड अजून पुढे होतं. भाईंनी पाहिलं, बरोबरच्या माणसांनीही पाहिलं. पण कुणी थांबलं नाही. गाडीला उशीर झाला म्हणून ती कुणी बाजारात सोडून घरी जात नाही.

स्टँडच्या बाहेर दोरी बांधली होती. अठ्ठेचाळीस माणसं बादल्यांत पाय सोडून बसली होती. खुर्चीत शाल गुंडाळून अँजेलिना होती, हातात पेजेचा पेला. तिला पाहिलं आणि दोरीच्या दहा पावलं अलीकडे बाबुश थांबला. तिथे स्टॉपचा खांब होता. भाईंनी खिसा चाचपला. चिमटा बाबुशच्या मुठीत राहिला होता आणि मूठ त्याने डोळ्यांवर दाबून धरली होती.

अँजेलिनाने एकदा त्याच्या पायांकडे पाहिलं. मग तिने चमचा घेतला आणि स्टीलच्या पेल्यावर दोनदा वाजवला.

बाबुश चालत आला.

भाई त्याच्या मागून आले आणि सरळ शर्मिष्ठाबाईंच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले. वीस वर्षं विचारणापत्रांना उत्तरं देताना ते जसे उभे राहत तसेच.

"बाई, सहा वाजून सहा मिनिटं झालीत. आम्हाला उशीर झाला. चूक माझी आहे, बाबुशची नाही. काय ते खरं लिहा."

"मी कधी खोटं लिहिलंय का?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, वहीत लिहिलं आणि वही त्यांच्याकडे फिरवली.

भाईंनी वाचलं. पोचण्याची वेळ सहा वाजून सहा मिनिटे. त्याच्यावर सकाळची ओळ होती. सुटण्याची वेळ सहा वाजून सात मिनिटे. एकूण वेळ अकरा तास एकोणसाठ मिनिटे. पूर्ण करणारे पन्नास.

भाईंना उमजायला थोडा वेळ लागला. त्यांना सकाळची झेंड्याची गाठ आठवली, न बसणारी, आणि ते दिसताच बसलेली.

"बाई, तुम्ही आमच्यासाठी..."

"मी निवृत्त झाले भाई, आणि दुसऱ्या दिवसापासून ती गाडी साडेपाचला सुटायला लागली. शाळेत मी गणित शिकवायचे." बाईंनी पेनाला टोपण लावलं, मान ताठच होती. "आई गेली तेव्हा मी तिच्याजवळ होते. साडेसातच्या गाडीने आले असते तर नसते. हे तुम्हाला कधीतरी सांगायचं होतं. कसं सांगायचं ते मला कळेना."

भाईंनी हात जोडले. बाईंनीही जोडले. मागे माणसं भोपळा वर करून ओरडत होती आणि गौरजा मस्कतला फोन लावत होती.

"काय लिवल्यानी?" अँजेलिनाच्या खुर्चीशी जमिनीवर बसलेल्या बाबुशने विचारलं. त्याला लांबचं दिसत नव्हतं. "आमका धरल्यानी काय नाय?"

"धरल्यानी. गाडी गावली, बाबुश."

बाबुशने अँजेलिनाच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. तिने त्याच्या केसांत हात घातला. मग थोड्या वेळाने त्याने मान वर केली.

"आणि सकाळी सात मिनिटां उशीर कित्याक झालो, तेचा काय कारण लिवल्यानी?"

वहीत त्या ओळीपुढे कारणाचा रकाना होता. बाईंच्या वळणदार अक्षरात तो भरलेला होता. भाईंनी चष्मा नीट केला आणि मोठ्याने वाचलं,

"टायरमधील हवा तपासली."